सांधे आणि टेंडनच्या जुन्या दुखण्यावरची इंजेक्शनं: सोलापूरकर विचारतात ते प्रश्न

ओपीडीत येणारे निम्मे लोक खुर्चीवर बसायच्या आधीच सांगतात, "डॉक्टर, एक इंजेक्शन मारून टाका की, कामावर जायचंय." कुठलं इंजेक्शन, ते मात्र फारसं कुणी विचारत नाही. खालची उत्तरं मुख्यतः त्यासाठीच लिहिली आहेत. सिरिंजमध्ये काय आहे आणि ते याच जागी का, एवढं कळल्याशिवाय बाही वर करू नका.

ऑपरेशनशिवायची इंजेक्शनं म्हणजे नेमकी कुठली?

सोलापुरात सध्या चार प्रकार दिले जातात. पहिलं स्टेरॉइड, म्हणजे ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन. हे सूज मारतं आणि लवकर आराम देतं. दुसरं लोक ज्याला 'वंगणाचं इंजेक्शन' म्हणतात ते हायलुरोनिक अ‍ॅसिड. ते फक्त सांध्यात देतात, बहुतेक वेळा गुडघ्यात. तिसरं पीआरपी, म्हणजे तुमच्याच रक्तातल्या प्लेटलेट दाट करून दुखऱ्या जागी सोडायच्या. चौथं प्रोलोथेरपी, यात ग्लुकोजचं दाट पाणी वापरतात. चारही सुया बाहेरून सारख्याच दिसतात, पण त्यांची कामं एकमेकांशी जुळत नाहीत. शेजारणीला ज्यानं गुण आला ते तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

दुखणं किती जुनं झालं की इंजेक्शनचा विचार करायचा?

साधारण तीन महिने. तोपर्यंत योग्य व्यायाम, कामाच्या पद्धतीत बदल आणि गरजेपुरत्या गोळ्या एवढं पुरतं. कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं, ज्याला टेनिस एल्बो म्हणतात, ते बहुतेकांचं वर्षभरात आपोआपच जातं. अर्थात ज्याला रोज बारा तास मागावर उभं राहायचंय त्याला 'वर्षभर थांबा' सांगणं सोपं नसतं, हे आम्हालाही कळतं.

टेंडन म्हणजे काय? आमच्याकडे तर "नस धरली" म्हणतात.

स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट, पांढरा पट्टा म्हणजे टेंडन, मराठीत कंडरा. 'नस धरली', 'नस चढली' असं सांगून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं इथलंच असतं. मागावरचा ताणा पाहिला असेल तर कल्पना येईल: निरोगी टेंडनमधले तंतू तसेच शेजारीशेजारी, सरळ ताणलेले असतात. वर्षानुवर्षं तोच ताण बसला की ते विस्कटतात आणि जाड होतात. त्यात रक्तपुरवठा मुळातच कमी, म्हणून भरून यायला वेळ लागतो. जुन्या दुखण्यात सूज फारशी नसते, झीज असते. सूज मारणारं औषध अशा ठिकाणी फार काळ का पुरत नाही, त्याचं कारण हेच.

माझ्या दुखण्याला यातलं कुठलं इंजेक्शन लागू पडेल?

तपासल्याशिवाय सांगता येत नाही, पण साधारण दिशा सांगता येते.

बिड्या वळणाऱ्या बायकांपासून सुरू करू, कारण सोलापूरच्या पूर्व भागातून येणाऱ्या बऱ्याच जणींची तक्रार ऐकताच ओळखू येते. मांडीवर सूप, पान कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं, आणि हे दिवसभर. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखतं. अंगठा मुठीत दाबून मनगट करंगळीकडे झुकवलं की कळ येते. याला डी क्वेर्वेन म्हणतात. इथे स्टेरॉइडचं एक इंजेक्शन, टेंडनच्या आत न देता त्याच्या आवरणात दिलेलं, खरोखर चांगलं काम करतं. सकाळी बोट अडकतं आणि 'टक्' करून सुटतं, त्या ट्रिगर फिंगरलाही तेच. या दोन दुखण्यांत स्टेरॉइडला नाव ठेवायचं काही कारण नाही.

खांदा आखडला असेल, मागे हात नेऊन हुक लावता येत नसेल किंवा शर्टाची बाही चढवता येत नसेल, तर तो फ्रोझन शोल्डर असू शकतो. मधुमेह असलेल्यांना तो जास्त होतो. सुरुवातीच्या, रात्री झोपू न देणाऱ्या टप्प्यात सांध्यात दिलेलं स्टेरॉइड उपयोगी पडतं. वेदना कमी झाली की व्यायाम करता येतो.

टेनिस एल्बोची गोष्ट उलटी आहे. त्याबद्दल पुढच्या प्रश्नात सविस्तर लिहिलंय.

टाचदुखी, म्हणजे सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत खिळा ठोकल्यासारखं होणं, यात स्टेरॉइडचा आराम काही आठवड्यांचा असतो. पुन्हा पुन्हा दिलं तर तळव्याचा पट्टा फाटू शकतो आणि टाचेची चरबी पातळ होऊ शकते. घोट्यामागच्या जाड टेंडनमध्ये, अ‍ॅकिलीसमध्ये, स्टेरॉइड आम्ही देत नाही. तो तुटला तर महिनोन्‌महिने जातात.

गुडघ्याची झीज हा वेगळाच मोठा विषय. तो खाली येतो.

स्टेरॉइड म्हणजे विषच, असं ऐकलंय. खरं काय?

विष नाही. चुकीच्या जागी, चुकीच्या कारणासाठी आणि पुन्हा पुन्हा दिलं की नुकसान करतं.

टेनिस एल्बोचं उदाहरण घ्या. ऑस्ट्रेलियात १६५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. स्टेरॉइड घेतलेल्यांना पहिल्या महिन्यात मस्त वाटलं. वर्षअखेर मात्र त्यांच्यातल्या ५४ टक्के लोकांचं दुखणं उलटलं होतं. तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांमध्ये हे प्रमाण १२ टक्के होतं. म्हणजे औषध न घेणाऱ्याचं जास्त बरं झालं! म्हणून कोपरासाठी "मागच्या वेळचंच द्या, लगेच बरं वाटलं होतं" असं कुणी म्हटलं की आम्ही आधी समजावतो आणि मग बहुधा नाही म्हणतो.

गुडघ्यात दर तीन महिन्यांनी, सलग दोन वर्षं स्टेरॉइड दिलं तर काय होतं, हेही अमेरिकेत १४० रुग्णांवर तपासून झालंय. २०१७ च्या त्या अभ्यासात कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, जास्त झिजली आणि वेदनेत मिठाच्या पाण्यापेक्षा फरक पडला नाही. एखाद्या वेळी गुडघा सुजून टम्म झालाय आणि घरात लग्न आहे, तर एक इंजेक्शन देणं वेगळं. दर सणाला एक, हे वेगळं. एकाच सांध्यात दोन इंजेक्शनांमध्ये किमान तीन महिने अंतर हवं.

आणखी एक. कमरेत, दंडात 'सांधेदुखीचं पॉवरफुल इंजेक्शन' घेतलेले लोक नेहमी भेटतात. चिठ्ठी नाही, नाव माहीत नाही, दोन दिवस अंग हलकं, मग पुन्हा तेच. त्यात बहुधा स्टेरॉइडच असतं, आणि ते दुखऱ्या जागी न जाता सगळ्या अंगभर जातं. अशी इंजेक्शनं वारंवार घेतली असतील तर लपवू नका. कोणी रागावणार नाही, पण पुढचा डोस ठरवायला ती माहिती लागते.

मला शुगर आहे. ग्लुकोजचं इंजेक्शन कसं चालेल?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि उत्तर ऐकून सगळे चकित होतात.

प्रोलोथेरपीत सांध्यासाठी साधारण २५ टक्के ग्लुकोज वापरतात. पाच मिलीत सव्वा ग्रॅम साखर झाली. तुमच्या अर्ध्या कप चहात याच्या कितीतरी पट असते. त्यानं शुगर हलत नाही म्हटलं तरी चालेल. स्टेरॉइडमध्ये मात्र साखरेचा कणही नसतो, आणि तेच शुगर चढवतं. गुडघ्यात किंवा खांद्यात दिलेलं एक इंजेक्शनही काही दिवस, कधी आठवडाभर, शुगर वर ठेवू शकतं. म्हणून स्टेरॉइड घेणार असाल तर त्या आठवड्यात घरी रोज तपासा. इन्सुलिनवर असाल तर आधी तुमच्या शुगरच्या डॉक्टरांना फोन करा. शुगर तीनशेच्या पुढे असेल तर आम्ही त्या दिवशी सुईच लावत नाही, आधी शुगर खाली आणायला सांगतो, कारण वाढलेल्या शुगरमध्ये जंतुसंसर्गाची भीती जास्त.

ग्लुकोजच्या पाण्यानं दुखणं कसं बरं होईल? हे काही पटत नाही.

शंका रास्त आहे. ही पद्धत नवी नाही. अमेरिकन सर्जन जॉर्ज हॅकेट यांनी १९५० च्या दशकात तिला प्रोलोथेरपी हे नाव दिलं. कल्पना अशी, की दाट द्रावणानं त्या जागी थोडी मुद्दाम चिडचिड घडवायची, म्हणजे शरीर तिथे पुन्हा दुरुस्तीला लागतं. ग्लुकोजचा वेदनेच्या बारीक नसांवरही थेट परिणाम होत असावा, असं अलीकडे मानलं जातं. नेमकं कसं, यावर अजून एकमत नाही.

गुडघ्याच्या झिजेवर अमेरिकेत ९० जणांवर झालेल्या एका अभ्यासात, तो २०१३ चा, ग्लुकोज घेतलेल्यांना मिठाच्या पाण्यापेक्षा आणि नुसत्या घरच्या व्यायामापेक्षा वर्षभरानंतर जास्त आराम होता. अभ्यास लहान आहेत, म्हणून छातीठोक दावा करत नाही. पण औषध स्वस्त, धोका कमी, आणि स्टेरॉइडसारखं टेंडन कमकुवत करण्याची भीती नाही. टेनिस एल्बो किंवा सैल पडलेल्या लिगामेंटसारख्या (हाडाला हाड जोडणारा पट्टा) दुखण्यात व्यायामानं भागलं नाही, तर माझ्या मते पीआरपीच्या आधी याचा विचार व्हायला हरकत नाही. फक्त एका बैठकीत काम होत नाही. तीन ते पाच बैठका, मध्ये तीन ते सहा आठवडे. पहिल्या बैठकीनंतर "काहीच फरक नाही" म्हणून सोडून देणारे खूप असतात.

पीआरपी कसं करतात? रक्त किती काढतात?

डेंगूच्या साथीत ज्या प्लेटलेटचा आकडा घरोघरी पाठ असतो, त्याच या. दंडातून १५ ते ६० मिली रक्त काढतात आणि ते सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवतात. लाल पेशी खाली बसतात, वर पिवळसर द्रव येतो. त्यातला प्लेटलेटनी दाट झालेला भाग काढून लगेच टोचतात. दुसऱ्या कुणाचं रक्त येत नाही, त्यामुळे रक्तातून रोग लागण्याची भीती नाही, अर्थात सुई आणि किट तुमच्यासमोर फोडलेलं असेल तर. सगळं मिळून तासाभराचं काम.

उपाशी येऊ नका. एप्रिल-मेच्या उन्हात तर भरपूर पाणी पिऊन या, नाहीतर शीर सापडत नाही आणि चक्कर येते. नवरात्राचा कडक उपवास किंवा रोजा असेल तर तारीख पुढे ढकलू, काही बिघडत नाही.

पीआरपीनं गुडघ्यातली गादी परत येते ना?

नाही. "गॅप आलाय, पीआरपीनं भरेल" असं कुणी सांगितलं असेल तर ते विसरा. ऑस्ट्रेलियात २८८ लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात गुडघ्याच्या सौम्य ते मध्यम झिजेत पीआरपी आणि मिठाचं पाणी यांच्यात वर्षभरानं वेदनेतही फरक दिसला नाही आणि कूर्चेतही नाही. काही लहान अभ्यासांत फायदा दिसलाय, आणि आमच्याकडेही काहींना बरं वाटतं. म्हणून आम्ही ते करतो, पण कमी वयाच्या, कमी झिजलेल्या गुडघ्यात, आणि हे सगळं आधी सांगून. पाय धनुष्यासारखा वाकलाय, एक्स-रेत हाडाला हाड टेकलंय, अशा गुडघ्यावर पीआरपीचे पैसे घालू नका. तिथे सांधेबदलाच्या सर्जनला भेटणं शहाणपणाचं. आणि एक व्यवहाराची गोष्ट: सांधेबदल ठरत असेल तर त्याआधीचे तीन महिने गुडघ्यात कुठलंच इंजेक्शन नको, संसर्गाचा धोका वाढतो.

गुडघ्याला सगळ्यात स्वस्त औषध वजन कमी करणं आहे. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. हे कुणाला ऐकायचं नसतं. इंजेक्शन ऐकायचं असतं.

आणि वंगणाचं इंजेक्शन?

काहींना काही महिने आराम देतं. अमेरिकेच्या अस्थिरोग तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ते सरसकट वापरू नये असं म्हटलंय. किंमत पाहता मीही पहिल्या फटक्यात सुचवत नाही.

पुण्याला स्टेम सेल देतात म्हणे...

सांधेदुखीसाठी पैसे घेऊन स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, देणं याला आपल्याकडे मान्यता नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत असे उपचार फक्त मान्यताप्राप्त संशोधनातच करायला सांगितलंय. पीआरपी म्हणजे स्टेम सेल नव्हे. दोन्ही एकच म्हणून कुणी विकत असेल तर उठून या.

सोनोग्राफी लावूनच इंजेक्शन द्यावं लागतं का?

गुडघ्यासाठी सरावलेल्या हाताला नेहमी लागत नाही. खांदा, नितंबाचा सांधा, आवरणातले बारीक टेंडन इथे सुई कुठे गेली ते पडद्यावर दिसलेलं बरं. एक्स-रेत टेंडन दिसतच नाही, सोनोग्राफीत दिसतो. प्रत्येक दवाखान्यात यंत्र का नसतं, असं लोक विचारतात. गर्भलिंगनिदान रोखण्याच्या १९९४ च्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, मग ते खांदेच पाहण्यासाठी का असेना.

इंजेक्शननंतर किती दुखतं? गोळी कुठली घ्यायची?

पीआरपी आणि प्रोलोनंतर दोन-तीन दिवस जास्तच दुखतं. घाबरू नका, ते अपेक्षित आहे. गोळी पॅरासिटामॉलचीच. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफेनॅक असल्या गोळ्या आठवडाभर आधी बंद आणि नंतरही दोन आठवडे नकोत, कारण जी दुरुस्ती सुरू करायची तिलाच त्या दाबतात. मेडिकलवाल्याला नुसतं "दुखण्याची गोळी द्या" म्हटलं की तो नेमकी यातलीच देतो, म्हणून नाव घेऊन मागा. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मात्र स्वतःहून बंद करू नका, आधी विचारा.

स्टेरॉइडनंतर एखादा दिवस दुखणं वाढू शकतं. मनगटासारख्या पातळ जागी कातडीवर पांढरट डाग राहू शकतो. गव्हाळ-सावळ्या कातडीवर तो उठून दिसतो, हे आधी माहीत असावं.

घरी किती विश्रांती घ्यायची?

दोन-तीन दिवस जड काम नाही. पण महिनाभर हात गळ्यात बांधून बसलात तर पैसे वाया. विस्कटलेल्या तंतूंना सरळ करतो तो हळूहळू वाढवलेला भार. अ‍ॅकिलीससाठी स्वीडनच्या अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला कार्यक्रम दिवसाला १८० वेळा पायरीवरून टाच खाली सोडायचा, बारा आठवडे. एवढं ऐकूनच लोक इंजेक्शनकडे वळतात, आणि इंजेक्शननंतरही आम्ही त्यांना पायरीवरच उभं करतो.

सोलापुरातली खरी अडचण वेगळीच. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, आणि मग घरातली बाई कळश्या, बादल्या, बॅरल भरत दोन मजले चढ-उतार करते. खांद्याचं किंवा कोपराचं इंजेक्शन पाण्याच्या आदल्या दिवशी घेऊ नका. पाणी भरून झालं की दुसऱ्या दिवशी या. भाकरी थापायचीच असेल तर पहिला आठवडा ओट्याशी उभं राहून, कोपर अंगाशी ठेवून थापा, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी थापून पाहावं.

गड्ड्याला नंदीध्वज धरायचाय. तुळजापूरलाही चालत जातो. चालेल?

गड्डा म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा, आणि तिथला उंच, जड नंदीध्वज पेलायच्या सरावाला खांदा, कंबर, मनगट सगळं लागतं. पीआरपी किंवा प्रोलोनंतर किमान सहा आठवडे तो भार नको. संक्रांतीला धरायचा असेल तर दिवाळीच्या आसपासच येऊन दाखवा, डिसेंबरच्या शेवटी येऊन "पंधरा दिवसांत तयार करा" म्हणू नका. कोजागरीच्या तुळजापूर पायी वारीचं तसंच. पंचेचाळीसेक किलोमीटर डांबरी रस्ता, बरेच जण अनवाणी. टाचेत इंजेक्शन घेऊन त्याच आठवड्यात निघणं म्हणजे दुखणं विकत घेणं. देवीला पुढच्या वर्षी चाला, यंदा एस.टी.नं जा.

इंजेक्शन कुणी घेऊ नये?

ताप, त्या जागी जखम किंवा फोड, अंगात कुठलाही संसर्ग, प्लेटलेट कमी असणं, कॅन्सरचे उपचार चालू असणं, गरोदरपण. यात आधी बोला.

पण त्याहून महत्त्वाचं, दुखणं टेंडनचं नसेलच तर? सकाळी तासापेक्षा जास्त वेळ बोटं आखडतात आणि दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात, तर संधिवाताच्या रक्ततपासण्या आधी. एकच सांधा महिनोन्‌महिने सुजलाय, वजन उतरतंय, संध्याकाळी कणकण येते, तर क्षयरोग वगळल्याशिवाय त्यात स्टेरॉइड देणं घातक. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनचा कोर्स घेतल्यावर टाचेमागे दुखायला लागलं असेल तर ते जरूर सांगा. ही अँटिबायोटिकं टेंडनला इजा करू शकतात.

धोक्याची लक्षणं कुठली?

सांधा गरम, लाल, टरटरून सुजलेला, हलवताच येत नाही, थंडी-ताप. सांध्यातला जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तासांचा हिशोब असतो. सकाळची ओपीडी उघडायची वाट पाहू नका. आमचा फोन लागला नाही तर थेट सिव्हिलच्या, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या, अपघात विभागात जा आणि "अमुक दिवशी सांध्यात इंजेक्शन घेतलंय" हे पहिल्या वाक्यात सांगा.

खर्च किती येतो? विमा मिळतो का?

ग्लुकोज आणि स्टेरॉइड ही औषधं स्वस्त, पैसे मुख्यतः प्रक्रियेचे. पीआरपी आणि वंगणाचं इंजेक्शन हजारांत जातं. बहुतेक पॉलिसी ओपीडीतली इंजेक्शनं धरत नाहीत, तेव्हा आधी विचारून घ्या. एकाच वेळी 'पाच पीआरपीचं पॅकेज' कुणी पुढे केलं तर एक घ्या, दोन-तीन महिने थांबून पाहा, मग बाकीचं ठरवा.

येताना काय आणायचं?

जुने एक्स-रे, चालू गोळ्यांची पाकिटं (नुसती नावं आठवत नाहीत, पाकिटंच आणा), मागच्या महिन्याभरातली शुगर, आणि आधी कुठे इंजेक्शन घेतलं असेल तर त्याची चिठ्ठी. चिठ्ठी नसेल तर तारीख आणि जागा आठवून या. गुडघा दाखवायचा असेल तर सैल पायजमा किंवा वर सरकणारी सलवार घाला, घट्ट जीन्स गुडघ्यावर चढता चढत नाही आणि मागे पंधरा जण खोळंबतात.